चांदण्या पंधरवड्यातल्या रात्री

दि. 05/04/2025

मी अंकुश पत्रू तलांडी, वय 26 वर्षे, शिक्षण पाचवी, धंदा बोअरवेलच्या गाडीवर मजुरी, रा. पालेटोला, ता. अहेरी, जि. गडचिरोली, सध्या कर्नाटकात, गाडी जाईल तिथे मुक्काम.

माझी सोडलेली बायको दीपाली हिने मुलगी पळवून नेल्याची तक्रार दिली. त्याबद्दल विचारल्यावरून ठाण्यात स्वतः हजर होऊन सांगतो की,

आम्हाला दिव्यानी नावाची सहा वर्षांची मुलगी आहे. ती आईजवळ राहते. जानेवारी 2024 मध्ये कोर्टाने मुलीसाठी महिना चार हजार खावटी लावली. मी तेव्हा तेलंगणात मिरची तोडायला होतो. त्याआधी सुरतेला होतो. एका जागी माझं मन लागत नाही.

पुढच्या महिन्यात गावात पंच बसले. आमचे भूमिया, म्हणजे गावचे प्रमुख, कोलू भाऊ यांनी ठरवून दिलं की, चांदण्याचे पंधरा दिवस पोरगी बापाच्या घरी निजेल, अंधाराचे पंधरा दिवस आईच्या घरी, आणि खावटी अर्धी. दीपालीचं माहेर त्याच गावात असल्याने ती हो म्हणाली. कागद केला नाही. आमच्यात कागद करत नाहीत. कोर्टाचं त्यानं मिटलं असं मी समजलो.

मी चौदा महिने दोन हजार पाठवले. एकही महिना चुकवला नाही. पोरगी माझी आई बुधरी हिच्याजवळ निजायची. जून 2024 मध्ये दीपाली अहेरीला खानावळीत पोळ्या लाटायला गेली, पोरीला तिथल्या शाळेत घातलं. तेव्हापासून पोरगी आमच्या घरी निजली नाही. आईने मला फोनवर ते सांगितलं नाही. का नाही सांगितलं विचारलं, तर म्हणाली, तू हे पण काम सोडून आला असता.

गेल्या महिन्यात अठ्ठावीस हजार थकल्याचं वारंट निघालं. येत्या सोमवारी कोर्टात भरायचे, नाहीतर जेल. माझ्याजवळ सहा हजार आहेत. मी कोलू भाऊंना कोर्टात येऊन सांगायची विनंती केली. ते म्हणाले, "गावचं बोलनं गावात राह्यते बाबू. कोर्टात मी अंगठा नाई लावत."

मग मला वाटलं की राहिलेल्या रात्री आता भरून दिल्या तर पैसे कमी होतील. चांदण्याचा पंधरवडा लागला होता. दि. 03/04/2025 रोजी दुपारी शाळेसमोरून मी पोरीला मोटारसायकलवर बसवून गावी नेलं. दीपालीला विचारलं नाही. मारहाण केली नाही. पोरीला भजी आणि चप्पल घेऊन दिली.

पहिल्या रात्री ती जेवली नाही. दुसऱ्या रात्री माझ्या आईला विचारत होती, "आजी, हा मानूस कवा जाईन?" मी अंगणात होतो. पहाटे आई मोहफुलं वेचायला गेली, मागे पोरगी रडायला लागली, मला ती ऐकेना. म्हणून आज सकाळी मी स्वतः तिला ठाण्यात आणून दीपालीच्या ताब्यात दिलं.

साहेबांनी सांगितलं की वारंटात रात्री धरत नाहीत, रक्कम धरतात. मी तरी म्हटलं, जूनच्या आधीच्या साठ रात्री पोरगी माझ्या घरी होती, तेवढं लिहा. दीपाली समोर बसली होती. ती म्हणाली, "तुह्या मायजवळ होती. बुढीनं जीव लावला, मी कुठी नाई म्हनते? तू किती राती होता, सांग."

मी आठवून पाहिलं. मागच्या वर्षी मोहाच्या दिवसात आलो होतो तेव्हा दोन. आणि ह्या दोन. साहेबांनी दीपालीला विचारलं, ह्या दोन धरायच्या का? ती म्हणाली, "धरा साहेब. तेवढ्याच आहेत."

माझ्या सांगण्यावरून चार रात्री लिहिल्या आहेत.

वरचा मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. मी बोललो तेच त्यात आहे, ते खरं आहे.

सही/-
अंकुश प. तलांडी