पिवळ्या तापाची सुई

"...सुई न घेता गेला, तर परत येऊच देत नाहीत म्हणे!" गिरणीत एवढंच कानावर पडलं, अन् दळण तिथंच टाकून मी शेजारच्या कांताबाईकडं पळाले. तिचा मिलिंद दोन वर्षांसाठी केनियाला चाललाय. पिवळ्या तापाची लस घ्यायची की नाही, यावरून आठवडाभर घरात कटकट. सुईनं पोरगं तापंल, म्हणून कांताबाईच नको म्हणत होती.

माझं ऐकून मिलिंद वैतागला. "मावशी, आत्ताच दवाखान्यात विचारून आलो. येऊ देतात हो. फक्त सहा दिवस वेगळं ठेवतात."

कांताबाईनं मिलिंदला दाराकडं ढकललं.

"दोन वर्षं कमी हायत का? त्यावर आणखी सहा दिवस? जा बाबा, घे टोचून."