शाब्बास, तुफान!

अरे यार, त्या दिल्लीच्या घोड्यांच्या शोचं नावच काढू नका! तुफान घोड्याला मी घडवलं. त्यानं उडी नीट मारली की मी “शाब्बास” म्हणायचे, तो जागीच थांबायचा आणि मी त्याला गुळाचा खडा द्यायचे. म्हणून शोच्या सकाळी गुरुग्रामहून निघतानाच नवऱ्याला बजावलं होतं, “मिलिंद, तिथे तोंडातून चकार शब्द काढायचा नाही.”

“बिल्कुल नाही,” म्हणाला.

तुफानवर माझी विद्यार्थिनी काव्या बसली होती. अडथळ्यांची एकही दांडी पडली नाही. शेवटची उडी तेवढी उरली, पहिला नंबर समोर दिसतोय, आणि माझ्या शेजारून हा उठून ओरडला, “शाब्बास, तुफान!”

झालं! तुफान थांबला. काव्या टाचा मारून दमली, पण तो ढिम्म हलेना. मान वळवून आमच्याकडे बघत उभा. शेवटी घंटा वाजली. स्पर्धेतून बाहेर!

“काय केलंस हे?” मी कपाळाला हात लावला.

मिलिंदचा चेहरा नुसता फुलला होता. “अगं, आपली पोरंसुद्धा हिंदीत उत्तर देतात. दिल्लीत मराठी ऐकणारं कुणीतरी भेटलं!”

आणि खिशातून गूळ काढून निघाला की मैदानाकडे!