नऊ पटींचा की चार पटींचा

सिंगापूरमध्ये, बुकित बातोकच्या पॉलिक्लिनिकमध्ये नीताताई नंबरची वाट बघत होत्या. मागच्या बाकावरून मराठी कानावर आलं, तसा त्यांनी मोबाइल पर्समध्ये टाकला. मागे नवरा-बायको बसले होते.

"प्रबोध, रायफलच्या दुर्बिणीत एवढं काय बघायचं असतं?"

"हा नऊ पटींचा स्कोप शिकारीचा, महाग आहे. चार पटींचा परवडतो. मिरजेच्या पत्त्यावर आठवड्यात पोचेल."

"तुझे अप्पा कुठे शिकार करतात!"

"नाही गं, एअर रायफलनं मळ्यात कागदी टार्गेटवर नेम धरतात. पण आता टार्गेट धूसर दिसतं."

"मग नऊचाच घे ना."

"त्यात टार्गेट मोठं दिसतं, तशी हाताची थरथरही मोठी दिसते. अप्पांचा हात हल्ली..."

"मग चारचा घे."

"घेतो. पण बसवल्यावर नेम जुळवायला दोघं लागतात. एकानं छर्रा मारायचा, दुसऱ्यानं टार्गेटपाशी जाऊन छिद्र कुठे पडलं ते ओरडून सांगायचं. लहानपणी ते काम माझं असायचं."

"अप्पांनी स्कोप मागितला होता?"

"नाही. एवढंच म्हणाले, छिद्रं बघायला हल्ली कोणी नसतं."

समोरच्या फलकावर नीताताईंचा नंबर लागला. त्या उठल्या नाहीत.

"प्रणिता, डिसेंबरची तिकिटं बघतेस?"

"सुट्टी मिळत नाही म्हणालास ना?"

"बघ तर."

"अकरा तारखेचं आहे, पुण्याचं. काढू?"

"काढ. आणि अप्पांना आजच सांग. दिवस मोजत बसतील, पण बसू देत."