क्रियापद अनियमित आहे, काका

...नाही, पण तुम्हीच सांगा, 'येणे'! साधं 'येणे'! कुत्र्याला 'ये' म्हटलं की तेसुद्धा शेपूट हलवत येतं, आणि त्या 'येणे'ची पन्नासाच्या घरात रूपं पाठ करायची माणसानं, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, आणि तीही त्या खुर्चीत बसून, जिला उजव्या हाताशी लिहायची फळी असते, जी खाली पाडली की थेट पोटावर येते! त्या परक्या भाषेत वेंगो म्हणजे मी येतो. बरं, ठीक. मग 'तू येतोस' ते वेंगी असणार, असं कुठल्याही शहाण्या माणसाला वाटेल की नाही? नाही! विएनी! तो येतो, ती येते, विएने. आम्ही येतो, वेनियामो. आणि ते येतात, तर परत वेंगोनो! म्हणजे मी आलो तेव्हा जो 'ग' सोबत होता तो 'तू'ला बघून पळाला आणि ते सगळे आल्यावर हा पुन्हा हजर! मी हात वर केला, म्हटलं, "बाई, हा ग मधेच गेला कुठे?" आता बाई म्हणजे केवढी, सव्वीस वर्षांची, माझ्या मुलीहून लहान, ती गोड हसून म्हणते, "क्रियापद अनियमित आहे, काका. कारण विचारायचं नाही, पाठ करायचं."

कारण विचारायचं नाही! कुणाला सांगताय? अहो, चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करून पोट भरलंय मी. लिफ्ट अडकली तर अडकण्याला कारण असतं. दार लागत नाही, बघा, फटीत कुणाच्या तरी शर्टाचं बटण असतं. तिसऱ्या मजल्यावर हिसका देते, बघा, दोर ताणलाय. लोक म्हणायचे, "जाऊ दे हो, आपोआप झालं असेल." आपोआप काही होत नाही! कारण हाती लागल्याशिवाय मी त्या खड्ड्यातून वर आलो नाही कधी, जेवण डब्यात गार होऊन गेलं तरी. आणि हा माणूस आता कुठे बसलाय, तर दातांच्या दवाखान्यावरच्या खोलीत, खालून ते दात कोरायचं यंत्र घुंऽऽ करतंय, आणि वर आम्ही नऊ जण कोरसमध्ये, "वेंगो, विएनी, विएने..." खालचा पेशंट बिचारा म्हणत असेल, माझं दुखणं बरं.

तुम्ही म्हणाल, कुणी सांगितलं होतं हे नसते उद्योग? कुणीच नाही. मुलगी परदेशात नर्स म्हणून गेली, तिथल्याच एका पाववाल्याशी लग्न केलं, नात झाली, सहा वर्षांची आहे आता. दर रविवारी फोन. नात तिकडून चिवचिवायची, तिची ती भाषा, आणि आमची मुलगी मध्ये दुभाषी, "बाबा, ती म्हणतेय तिचा दात पडला." मी म्हणायचो, "माझेही पडतायत म्हणावं." की तिकडे खी खी खी. काय अडत होतं? एक शब्द शिकलो नाही मी. गरजच काय, मुलगी आहे ना मध्ये!

आणि सात महिन्यांपूर्वी, मंगळवारी सकाळी, ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती. हातात चिमटा होता म्हणे. खाली बसली. बस... चौतीस वर्षांची. जावयाचा फोन आला, त्याचं इंग्रजी माझ्यासारखंच लंगडं, दोन लंगड्यांची शर्यत ती, मी विचारतोय का, कशानं, आणि तो नुसता, "डॉक्टर से, नो रीझन. नो रीझन, पापा." सगळं तपासलं, कारण सापडलं नाही! मी त्याच्यावर ओरडलो हो. म्हटलं, नीट बघायला सांग त्यांना! आमचे जायचे कागद हातात पडले तेव्हा तिकडचं सगळं आटोपलं होतं. मग कशाला जायचं, असं ही म्हणाली. आमची ही त्यानंतर तशी फारशी काही म्हणालीच नाही.

तर रविवार चालूच. जावई फोन लावतो, "चाओ पापा," मी "चाओ", संपलं आमचं, आणि तो फोन पोरीच्या हातात देऊन बाजूला होतो. आता मध्ये दुभाषी कोण? कुणी नाही. ती बोलते आणि मी म्हणतो, "सी, सी! बेने, बेने!" म्हणजे हो, हो, छान, छान. एवढंच येत होतं. पण एक गोष्ट दर रविवारी विचारायची. तेवढी आम्हाला दोघांना कळायची. "नोन्नो," म्हणजे आजोबा, "नोन्नो, मामा विएने?"

मामा! अहो, मामाची आठवण काढतेय पोरगी! आम्हाला काय भरून आलं म्हणून सांगू. आमचा मुलगा, तिचा मामा, पलीकडच्याच रस्त्यावर राहतो. मी म्हणायचो, "सी, सी! मामा बेने!" मामा मजेत आहे! की पलीकडे ती हळूच हसायची. मी मुलाला सांगितलं, "अरे, भाची तुझ्या नावाचा जप करते." तो एका रविवारी मुद्दाम आला, डोळ्यांच्या कडा पुसत फोनमध्ये ओरडला, "मामा! मी मामा!" तिकडे चिडीचूप. हा म्हणतो, "लाजली बघ."

तर म्हटलं, अशी 'सी सी'वर किती दिवस काढायचे? लेकीचं लेकरू आहे, दोन वाक्यं तरी नीट बोलावीत. म्हणून हा क्लास. तीन महिने गिरवलं. पुस्तकात आई म्हणजे 'मादरे', वडील म्हणजे 'पादरे', सगळं कसं जागच्या जागी. आणि मग हे आलं, येणे. बाईंनी फळ्यावर लिहिलं, वाचलं, "ला मामा विएने."

मी हात वर केला. मला वाटलं, चला, निदान हे तरी आपल्याला येतं. म्हटलं, "बाई, त्यांच्यातही मामाला मामाच म्हणतात?"

वर्ग हसला. बाई म्हणाली, "नाही हो काका! मामा म्हणजे आई. मादरे पुस्तकातलं. घरात मुलं मामाच म्हणतात. ला मामा विएने, आई येतेय."

...खालचं यंत्र तेव्हा नेमकं बंद पडलं. आमच्याशी फोनवर बोलताना मुलगी तिच्याकडून हट्टानं 'आई'च म्हणवून घ्यायची हो! "आजोबांसमोर आई म्हण." आम्हाला काय माहीत तिकडे घरात काय म्हणतात? मोजलं मी त्या फळीवर, बोटांनी. सत्तावीस रविवार. सत्तावीस रविवार ते लेकरू विचारतंय, आजोबा, आई येतेय का? आणि मी सांगतोय, हो, हो! छान, छान!

घरी कुणाला सांगितलं नाही. कसं सांगू? मुलानं तर भाचीसाठी बाहुली घेऊन ठेवली होती. पुढच्या रविवारी घसा बसल्याचं सोंग केलं, फोन हिच्याकडे दिला. आणि आठवडाभर त्या बाईच्या मागे लागलो. म्हटलं, मला सगळं शिकवा, या एका क्रियापदाचं, आहे नाही तेवढं सगळं. ती खूश! शिकवायला बसली. वेनिवा, म्हणजे यायची, नेहमी यायची. वेन्ने, म्हणजे आली, आली आणि ते संपलं. वेंगा, म्हणजे यावी, अशी इच्छा. वेनिस्से, म्हणजे आली तर. वेर्रेब्बे, म्हणजे येईल बिचारी, पण काहीतरी आडवं आलंय. आपल्याकडेही आहेत की हे, शाळेत मार खाऊन शिकलो होतो, स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. तेव्हा वाटायचं, कुणाला लागतात एवढे अर्थ? आता बसलो होतो वही घेऊन, की या एवढ्या पसाऱ्यात सहा वर्षांच्या पोरीला कमीत कमी लागेल असं कुठलं? बाईला विचारलं, "येणार नाही, कधीच येणार नाही, याला जरा मऊ काही आहे का?" ती म्हणाली, "मऊ म्हणजे? भविष्यकाळ घ्या की. वेर्रा. नोन वेर्रा." "वेनि-चं वेर्रा कसं झालं?" तिचं ठरलेलं. "क्रियापद अनियमित आहे, काका. कारण विचारायचं नाही, पाठ करायचं."

केलं पाठ. आंघोळ करताना, भाजी निवडताना, रस्त्यानं. लोक वळून बघायचे.

रविवार आला. ही शेजारी बसलेली, फोनकडे पाठ करून, नेहमीसारखी. पोरगी आली. "नोन्नो! मामा विएने?" आणि तुम्हाला सांगतो, चौतीस वर्षं आठव्या मजल्याच्या खड्ड्यावर उभा राहिलोय, हातातून एक स्क्रू निसटला नाही कधी. सगळं पाठ केलेलं पुसलं. म्हटलं, "नो. मामा... नोन... वेनिरा."

मग तिकडून, शाळामास्तरणीच्या आवाजात, "नोन्नो! नो! नो वेनिरा. वेर्रा!"

वेर्रा. म्हणजे, येईल! कसला काळ शोधून काढलाय बघा, चूक दुरुस्त करायला गेलं तरी आशा लागते! मी घाम पुसला, म्हटलं, "सी. वेर्रा. पण नोन. नोन वेर्रा. माई." माई म्हणजे कधीच.

आणि पोरगी म्हणाली, अगदी सरळ आवाजात, "लो सो."

हे मला येत होतं. मला माहीत आहे.

मला माहीत आहे! म्हटलं, "पेर्के?" मग विचारत का होतीस गं? मला नीट कळावं म्हणून ती सावकाश बोलली, एकेक शब्द माझ्या हातावर ठेवल्यासारखा, "तूत्ती दीकोनो नो. तू दिचेवी सी."

सगळे नाही म्हणतात. तू हो म्हणायचास.

...म्हणायचास. तो यायची-जायचीवाला काळ. नेमका तोच आठवडाभर घोटला होता मी, एक अक्षर चुकायला नको म्हणून. सत्तावीस रविवार अख्ख्या जगात तिला 'हो' म्हणणारा एकच अडाणी माणूस होता, आणि त्यानं क्लास लावला. मग ती म्हणाली, चाओ नोन्नो, आणि पळाली खेळायला.

ही वळली. बऱ्याच दिवसांनी वळली. म्हणाली, "काय म्हणत होती एवढं?"

मी म्हटलं, "काही नाही. माझं क्रियापद चुकलं, ते सांगत होती."

"कुठलं?"

"येणे."

"तीन महिने झाले जाताय," ही म्हणाली, "आणि अजून एवढं साधं येत नाही?"

म्हटलं, "नाही. येत नाही."