क, ख, घ, छ

पनवेलच्या दवाखान्यात सुनीता नंबराची वाट बघत होती. शेजारच्या बाकावर उरणचे काशिराम, डोक्याला पट्टी. एका बाजूला बायको रंभा, दुसरीकडे भरती परीक्षेचं पुस्तक घेतलेली लेक कीर्ती.

"बाबा, क, ख, घ, छ. पुढचं अक्षर?"

"परीक्षा तुजी का माजी?"

"सांगा ना."

"कीर्ते, नको छळू. परवा बापाला तुजं नावसुदा येत नव्हतं."

"म्हणूनच विचारते, आई."

काशिराम म्हणाले, "पयल्यांदा काय सोडलं नाय. मग एक सोडलं, मग दोन. आता तीन सोडायची. ट."

सुनीता अजून बोटांवर ज, झ करत होती.

"बरोबर हाय का गं?"

"बरोबर, आई."

"मागं उत्तर बघ."

"बघितलं. ट-च आहे."

रंभा म्हणाली, "मग पिशवीतली भाकरी काढ. परवापासून माज्या पोटात काय नाय."