अभिनवचा पहिला सौदा

मैनाबाई : मले एवढंच सांग, आरशासमोर उभा राहून तू शिव्या कोणाले देऊन राहिला होता?

अभिनव : शिव्या नाही आई, अफर्मेशन. स्वतःलेच सांगायचं असते, मोठ्या आवाजात. मी डील क्लोज करणारा माणूस आहे, पैसा माझ्याकडे धावून येतो. रोज पहाटे उठून करायचं. घरं विकाचा जो कोर्स लावला ना, त्यातली पहिली सवय आहे ते.

मैनाबाई : अन् नळाचं काय? नळही पहाटेच येते. पैसा धावून येईल तवा येईल, पाणी तर येऊन चाललं जाते. तू आरशापुढं, तुया बाप फर्स्ट शिफ्टच्या घाईत. मी डबा करू का बादल्या भरू?

अभिनव : कोर्सचे सर म्हणतात, जो सूरज के पहले उठता है, दुनिया उसकी होती है.

मैनाबाई : तुया बाप जिंदगीभर सूर्याच्या आधी उठला, कोक ओव्हनच्या भट्टीवर गेला. दुनिया काही नाही झाली त्याची. आरसा नाही पाहिला म्हणून असंन.

अभिनव : तुले मजाक वाटते. माइंडसेट बदलावा लागते आई. आता पाय, मी रोज रात्री झोपताना आभार मानतो. मिळालेल्या सगळ्या डीलसाठी.

मैनाबाई : किती मिळाल्या?

अभिनव : अजून नाही मिळाली. मिळाली आहे असं समजून मानायचे.

मैनाबाई : बाजारात तुरी अन् भट भटणीले मारी. बरं, आभार मानून झाले की मंग काय करतो दिवसभर? गाडीतलं पेट्रोल तर रोज संपते.

अभिनव : मार्केटिंग. सेक्टर २ मधल्या सगळ्या खांबांवर पोस्टर लावले. पिवळे, दुरून दिसतील असे. मकान बेचना है? तुरंत नगद. अभिनव भैया. खाली नंबर.

मैनाबाई : सेक्टर २ मधी?

अभिनव : हाव.

मैनाबाई : बापा, तू जन्मला कोठी?

अभिनव : आता याच्यात ते कुठून आलं?

मैनाबाई : सांग ना. याच क्वार्टरमधी जन्मला. सेक्टरमधी कोणाचं आहे रे घर? मायं आहे? बाजूच्या साहूबाईचं आहे? अख्खं स्टील प्लांटचं. नोकरी सरली की किल्ली वापस. ज्याच्याजवळ विकाले घरच नाही त्याले तू इचारून राहिला, घर विकतो का! एखादा तरी फोन आला का?

अभिनव : आले ना. खूप आले.

मैनाबाई : काय म्हणते लोकं?

अभिनव : ...नळ टपकून राहिला म्हणते.

मैनाबाई : काय?

अभिनव : लोकांना वाटलं मेंटेनन्सवाल्याचा नंबर आहे. एक बाई तर रोज फोन करते, मोरी जाम झाली म्हणून. आता तर मले चिल्लावते, कंप्लेंट करीन म्हणते तुझी.

मैनाबाई : मंग जाऊन काढून द्याची होती मोरी. तेवढंच पुण्य भेटलं असतं.

अभिनव : हस, हस. एरिया चुकला, मान्य आहे. म्हणून मी बाहेर निघालो. नंदिनी नगरपर्यंत जाऊन आलो.

मैनाबाई : अगं माय! तेही प्लांटचंच ना रे! खदानवाल्यांचे क्वार्टर आहेत तिथी.

अभिनव : तिथी गेल्यावर समजलं. यार, प्रॅक्टिस तर झाली ना. आता रोज गाडी घेऊन फिरतो अन् उदास घर शोधतो.

मैनाबाई : घर उदास असते?

अभिनव : असते. अंगणात गवत वाढलेलं, रंग उडालेला, फाटकात पेपर तसेच पडून. याचा मतलब, आतला माणूस परेशान आहे. एकटा आहे, नाहीतर भावाभावात झगडा आहे, नाहीतर घरात कोणी वारलं आहे. असा माणूस लवकर विकते अन् भावासाठी जास्त तानत नाही. त्याले मोटिवेटेड सेलर म्हणतात.

मैनाबाई : आमी त्याले दुखी माणूस म्हणतो.

अभिनव : शब्द कोणताही लाव.

मैनाबाई : म्हणजे विहारातली कमला खरं सांगून राहिली होती. शालू गेली, तिच्या पुण्यानुमोदनाच्या जेवणात तू धंद्याचे कार्ड वाटले म्हणे. मी भांडली तिच्याशी! म्हटलं, शालू माया पोराची काकू होती. रक्ताची नसली म्हणून काय झालं, तिचा नवरा अन् याचा बाप एका भट्टीवर राबले. माया पोरगा विहारात पंगत वाढाले गेला होता, धंदा कराले नाही.

अभिनव : वाढली ना पंगत. बुंदी मीच वाढली, इचार कोणालेही.

मैनाबाई : अन् बुंदीसंग कार्ड?

अभिनव : सगळ्यांना नाही दिले. ज्यांचं स्वतःचं घर आहे, त्यांनाच.

मैनाबाई : मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे लोकं असते, हे ऐकून होती. मायाच पोटचं पोरगं बुंदीची बालटी हातात घेऊन खाईन, हे नाही समजलं मले.

अभिनव : आई, तू इमोशनल होऊन राहिली. बिझनेसमधी लोक जिथं जमतात तिथं जावं लागते. अन् पाय, लीड तिथंच भेटली. म्हणजे गिऱ्हाईक. पक्कं. आज दुपारी इकरारनाम्यावर सही घ्याले जाणार आहे. तुले सांगणारच होतो, पण सही झाल्यावर.

मैनाबाई : कोण आहे?

अभिनव : धोंडबाकाका.

मैनाबाई : कोणते धोंडबाकाका? शालूचे?

अभिनव : हाव. स्मृती नगरचं घर. रोज फोन केला मी त्यांना, एक दिवस नाही सोडला. फॉलो-अप म्हणतात त्याले. आधी तब्येत इचारायची, जेवले का इचारायचं, घराचं नाव शेवटी घ्यायचं. हळूहळू वितळले.

मैनाबाई : भाऊजी घर विकून राहिले. अन् तू घेऊन राहिला. कायच्या भरवशावर? तुया खिशात तर मोबाइलच्या रिचार्जचेही पैसे नसते.

अभिनव : घेत नाही आहे मी. हेच तर कोर्समधी शिकवते. मी फक्त इकरारनामा करतो, थोडासा बयाना देऊन, मायाच नावानं. मंग तो करार मी दुसऱ्याले देतो, ज्याच्याजवळ पैसा आहे. तो घर घेते, मधातले पैसे माये. आपलं एक रुपयाचं लोन नाही, काही रिस्क नाही.

मैनाबाई : थांब. म्हणजे तू सोयरीक पाहाले जाशीन. पोहे खाशीन, पोरगी पसंत म्हणशीन. पोरीच्या बापाले वाटीन हाच नवरदेव. अन् मांडवात उभा करशीन तिसऱ्यालेच?

अभिनव : ...थोडंफार तसंच. पण लीगल आहे.

मैनाबाई : कोणाले देशीन?

अभिनव : एक बिल्डर आहे. तो पाडून तिथी फ्लॅट बांधीन.

मैनाबाई : पाडीन. भाऊजीले माहीत आहे हे?

अभिनव : त्यांनी इचारलंच नाही.

मैनाबाई : अभिनव, माया तोंडाकडं पाहून बोल.

अभिनव : त्यांना वाटलं, मी तुमच्यासाठी घेऊन राहिलो. बाबा दिवाळीनंतर रिटायर होतात, क्वार्टर सोडा लागीन, म्हणून आपण घर पाहून राहिलो. मी असं बोललो नाही हां! त्यांनी आपल्या मनानं समजून घेतलं.

मैनाबाई : अन् तू नाही म्हटलं नाही.

अभिनव : सर म्हणतात, समोरच्याच्या मनात चांगली गोष्ट बसली असंन तर आपण काढायची नाही.

मैनाबाई : म्हणून भाऊजी कमी भावात देऊन राहिले?

अभिनव : हाव. ते म्हणाले, मैनाबाईच्या हाती घर गेलं तर शालूलेही बरं वाटलं असतं.

मैनाबाई : त्या घराचा पाया भरला तवा मी होती तिथी. शालू अन् मी रेतीच्या ढिगावर बसून फुटाणे खाऊन राहिलो होतो. ती म्हणे, मैना, इथी सैपाकखोली, इथी तुयासाठी पाट. अन् तुले खरं सांगू? असंच घर मले पायजे होतं. तेच पायजे होतं. म्हणून मले जास्त राग येऊन राहिला तुया. तू मायं नाव विकलं रे. भाऊजीजवळ मायं एक नाव होतं, तेही तू बयान्यात देऊन आला.

अभिनव : एक डील होऊ दे फक्त. भूमिकाताई नोकरी करते, तिचं सगळे कौतुक करतात. मले बाबा जेवताना पाहतातही नाहीत. एक डील झाली ना, सगळ्यांचं तोंड बंद होईन.

मैनाबाई : मायं तर झालंच बंद.

(फाटकाची कडी वाजते. धोंडबा सायकल भिंतीला टेकवून आत येतात.)

अभिनव : आई, काका! पाहिलं? सर म्हणाले होते, सहीच्या दिवशी आपण फोन करायचा नाही, गरज आपली आहे असं दिसते. मी नाही केला, तर पार्टी स्वतःच चालून आली! तू आता काही बोलू नको, तुले माई कसम.

धोंडबा : जय भीम वहिनी. मारोतराव शिफ्टवर गेले काय?

मैनाबाई : या भाऊजी. इतक्या दुरून सायकलीनं? बसा. पाणी घ्या.

अभिनव : काका, मीच येणार होतो दुपारी. कागद तयार आहे, आतून आणू?

मैनाबाई : काही आणू नको. भाऊजी, आधी माया एक शब्द ऐका, मंग पाणी प्या. आमी तुमचं घर नाही घेऊन राहिलो. आमाले कोणी इचारलंही नाही. हा तुमच्या पाठीमागं बिल्डरले देणार आहे, अन् तो ते पाडणार आहे.

अभिनव : आई!

धोंडबा : माहीत आहे वहिनी.

अभिनव : काय माहीत आहे?

धोंडबा : टीनानं सांगतलं.

अभिनव : कोण टीना?

धोंडबा : तुयाच कोर्सची असंन, बोलणं तर तुयासारखंच आहे. सकाळी तू फोन करते, दुपारी ते टीना करते. संध्याकाळी राहुल म्हणून एक पोट्टा आहे. आधी तब्येत, मंग जेवले का, मंग घर. ते टीना मले म्हणे, काका, तो अभिनव स्वतः नाही घेणार, बिल्डरले देईन. त्याच्यापेक्षा मले द्या, माया बिल्डर चांगला आहे.

मैनाबाई : अगं माय!

धोंडबा : पोरगी चांगली आहे पण. बीपीची गोळी घेतली का, हेही इचारते. तू गोळीचं नाही इचारत.

अभिनव : ते... स्क्रिप्टमधी नव्हतं.

मैनाबाई : पण भाऊजी, सगळं समजलं होतं तर याले झापलं काहून नाही? माया पोरगा म्हणून सोडलं का?

धोंडबा : वाईट वाटलं होतं. खोटं काहून बोलू. दोन रोज जेवण नाही गेलं. मंग याचा फोन आला, काका जेवले का. म्हटलं, जेवलो.

अभिनव : म्हणजे तुम्ही घर विकणारच नव्हते?

धोंडबा : घर कायले विकीन मी? शालू राहत होती तिथी.

अभिनव : मग रोज म्हणायचे, विचार करून राहिलो! मी सरांना सांगून बसलो, पार्टी नव्वद टक्के तयार आहे!

धोंडबा : नाही म्हटलं की फोन बंद होते ना बाबू. एक गोलू होता. त्याले पहिल्याच दिवशी सांगतलं, विकत नाही. तो दुसऱ्या रोजपासून रस्त्यात भेटला तरी ओळखत नाही. मंग समजलं मले. गवतही एकदा कापून घेतलं होतं, तर नवीन कोणी फाटकापाशी थांबतच नाही. आता वाढू देतो. पेपरही तसेच राहू देतो बाहेर.

मैनाबाई : तुमचा नरेश नाही करत फोन? हैदराबादेत आहे ना अजून?

धोंडबा : करते. रविवारी करते. पप्पा, घर विकून इकडं या, एवढंच म्हणते. जेवण नाही इचारत.

मैनाबाई : पण भाऊजी, आमी होतो ना इथी. सेक्टर २ काय परदेशात आहे?

धोंडबा : तुमी विहारात आल्या होत्या वहिनी. त्याच्यानंतर नाही आल्या.

मैनाबाई : ...चहा ठेवते. साखर चालते ना?

धोंडबा : अर्धी.

अभिनव : काका, सॉरी. म्हणजे खरंच सॉरी. पण मले एक समजत नाही. सही करायची नव्हती, हे आधीपासून माहीत होतं. मग इतक्या सकाळी, सायकल चालवत, तुम्ही आले कशाले?

धोंडबा : आज तुया फोन नाही आला. म्हटलं, पोट्टा बिमार-गिमार पडला असंन, पाहून येऊ.