लांब दाबलं की शेवटचा नंबर

राजनंदिनी: ताई, आता तुझ्या बाजूचं बघ. जोरात ओढ.

शितल: ओढलं. हँडल नुसतं हातात येतंय, दार हलत नाही.

राजनंदिनी: माझंपण तसंच. म्हणजे झालं कल्याण. आबांनी किल्ली दोनदा दाबली.

शितल: दोनदा दाबल्यावर काय होतं?

राजनंदिनी: एकदा दाबली की साधं लॉक, ते आतनं उघडतं. दोनदा दाबली की डबल लॉक. चोरानं काच फोडून हात घातला तरी दार उघडायचं नाही. आतल्या माणसालापण नाही. असल्या जुन्या भारी गाड्यांना असतं ते. कप्प्यात गाडीचं पुस्तक होतं, त्यात वाचलं मी.

शितल: मग आबांना सांगायचं ना.

राजनंदिनी: सांगितलं की. ते म्हणाले, दोनदा दाबल्यावर टुक-टुक वाजतं, वस्तीला कळतं गाडी कुणाची ते.

शितल: आणि आपण आत बसलेल्या दिसलो नाही त्यांना?

राजनंदिनी: मी स्टेअरिंगखाली डोकं घालून वायरी चिकटवत होते. तू मागं आडवी पडलेलीस. काचा काळ्या. आणि ते मागं वळून कुठं बघतात, चालता चालताच दाबतात. मोटरसायकलवर बसले आणि गेले गावात पेढ्याला.

शितल: किल्ली?

राजनंदिनी: खिशात.

शितल: मग फोन लाव त्यांना.

राजनंदिनी: त्यांचा फोन तो बघ, ओट्यावर, चार्जिंगला लावलाय. तोच तर ब्लूटूथनं जोडलाय मी गाडीला. माझ्याकडं फोन नाही. आणि तुझा...

शितल: माझा आईच्या कपाटात आहे. महिना झाला काढून घेऊन.

राजनंदिनी: हं.

शितल: हॉर्न तरी वाजव.

राजनंदिनी: मघाशी तीनदा वाजवला ना. काल गाडी आल्यापासून आबांनी किती वेळा वाजवला असेल, मोज. आई म्हणत असेल, वाजवू दे, नवीन खेळणं आहे. मागच्या दारी मिक्सर चालू, कुकर चालू, सोजराबाई मामीचं तोंड चालू. कोण ऐकणार?

शितल: काच खाली घे थोडी.

राजनंदिनी: किल्ली नसली की काच नाही, एसी नाही. फक्त मी बसवलेलं ब्लूटूथचं युनिट चालू आहे. तेपण माझ्या चुकीनं. किल्ली फिरवल्यावर जिच्यात करंट येतो ती वायर सापडलीच नाही मला, म्हणून सरळ बॅटरीवर घेतलं. आबांना कळलं असतं तर म्हणाले असते, पाबळच्या वायरिंगच्या शिबिरात हेच शिकलीस का. पण बघ ना, अख्ख्या गाडीत तेवढंच जिवंत आहे.

शितल: किती वाजले त्याच्यावर?

राजनंदिनी: अकरा चाळीस. दौंडचे बाराला येणार. ताई, तुझा पदर पूर्ण भिजलाय. सुपारी फुटायच्या आधी नवरी उकडून काढली म्हणतील.

शितल: हसवू नकोस. श्वास पुरत नाहीये मला.

राजनंदिनी: गाडीतला का?

शितल: गाडीतलापण.

राजनंदिनी: एक विचारू? सोमवारी तू रांजणगावच्या नोकरीवर हजर होणार की नाही?

शितल: आज सुपारी फुटली की सोमवारी कुठली गं. पण लग्न झाल्यावर करू देणारेत. कंपनी थांबायला तयार आहे दोन महिने.

राजनंदिनी: दौंडवरनं रांजणगाव, रोज?

शितल: कंपनीची बस आहे म्हणे.

राजनंदिनी: कोण म्हणे? दौंडचे म्हणाले की आबा म्हणाले?

शितल: आबा. त्यांनी विचारलं दौंडच्यांना, त्यांची काही हरकत नाही. फक्त आज बैठकीत मी तो विषय काढायचा नाही. चार माणसांत पोरीनं अटी घातलेल्या बऱ्या दिसत नाहीत म्हणाले.

राजनंदिनी: तू स्वतः नाही विचारलंस त्यांना?

शितल: कधी विचारू? बघायला आले तेव्हा नाव विचारलं, शिक्षण विचारलं आणि पोहे उचलून आत पाठवलं. नंदे, मला खरंच कसंतरी होतंय. काहीतरी कर.

राजनंदिनी: एक आहे. पण तू ओरडशील.

शितल: बोल.

राजनंदिनी: ह्या युनिटला एकच बटण आहे. टक करून दाबलं की आलेला फोन उचलतं. लांब दाबून धरलं की शेवटचा नंबर लागतो. म्हणजे आबांनी शेवटी ज्याला फोन केला तो.

शितल: कुणाला केलेला?

राजनंदिनी: दौंडला. नाष्टा करून निघा, म्हणून सांगत होते.

शितल: नको.

राजनंदिनी: दुसरा नंबर लागतच नाही गं. स्वस्तातलं युनिट आहे, आईला लाव म्हटलं तर त्याला कळत नाही. नुसतं सांगू, आईला फोन करा, दार फोडायला माणूस पाठवा. एवढंच. तू गप्प बस, मी बोलते.

शितल: नवऱ्या मुलाच्या घरच्यांना सांगायचं, आम्ही आमच्याच दारात आमच्याच गाडीत कोंडल्या गेलोय?

राजनंदिनी: मग काय, उकडत बसायचं? दाबू?

शितल: दाब.

(गाडीच्या चारही स्पीकरमधून रिंग वाजते.)

वच्छलाबाई: हां, बोला पाव्हणं. मी सुदर्शनची आई. ह्यांचा फोन गाडीला जोडलाय पोरानं, समद्यास्नी ऐकू जातंय, बोला बिनघोर. आमी भीमेच्या पुलापाशी आलो बगा. आन् पाव्हणं, बरं झालं तुमीच फोन केला. मामंजी घरापास्नं एकच इचारत्यात, पोरगी नोकरी राजीखुशीनं सोडतीय न्हवं? मी सांगितलं त्यास्नी, आवो, पोरीचं वडील भिमाजीरावच म्हनलं की, तिनंच सोताच्या हातानं कागूद फाडला. तरीबी म्हंत्यात, एकदा इचार. उद्या कुनी म्हनाया नको, दौंडकरांनी पोरगी अडवली.

राजनंदिनी: ताई.

वच्छलाबाई: आवाज येतोय का पाव्हणं? कोन बोलतंय?

राजनंदिनी: मावशी नमस्कार, मी राजनंदिनी. शितलताईची धाकटी बहीण. आबा गावात गेलेत आणि आम्ही दोघी गाडीत अडकलोय. दार उघडत नाहीये.

वच्छलाबाई: अगं बया. कोनच्या गाडीत? कुठं?

राजनंदिनी: आमच्याच. आमच्याच दारात.

वच्छलाबाई: आपल्याच दारात? आन् घरात कुनी न्हाई व्हय?

राजनंदिनी: पंधरा माणसं आहेत. पण सगळी मागच्या दारी आहेत. तुम्ही आईला फोन लावाल का?

वच्छलाबाई: लावते की. सुदर्शनच्या फोनात हाय लंबर. घाबरू नगा पोरींनो. ह्यो ठिवते आन् लावते.

शितल: मावशी, ठेवू नका.

वच्छलाबाई: ही कोन? शितल का?

शितल: हो. मी शितल. आधी माझं ऐका, मग आईला लावा.

राजनंदिनी: ताई, घाम बघ किती आलाय. आधी दाराचं होऊ दे.

शितल: गप्प बस, नंदे. मावशी, तो कागद मी फाडला नाही. कंपनीचं पत्र माझ्या पर्समध्ये आहे, आत्ता मांडीवर. सोमवारी हजर व्हायचंय त्यात लिहिलंय. नोकरी सोडते असं मी कुणालाच म्हटलेलं नाही.

वच्छलाबाई: मग तुजं आबा...

शितल: ते मला म्हणाले, दौंडच्यांची काही हरकत नाही. लग्नानंतर करू देणारेत.

राजनंदिनी: ताई, लाइन गेली का?

शितल: नाही. सेकंद चालू आहेत.

वच्छलाबाई: सुदर्शन, गाडी कडंला घे. घे म्हंते ना. पोरी, आमास्नी कुनी इचारलंच न्हाई गं. हरकत बी न्हाई इचारली आन् परवानगी बी न्हाई.

शितल: मला आत्ता कळलं ते.

वच्छलाबाई: इथं ह्ये म्हंत्यात, वळू या माघारी. सुदर्शन स्टेरिंगवर हात ठिवून बसलाय. त्यालाबी ठाव न्हवतं.

शितल: वळायचं तर वळा, मावशी. पण मला मुलगा पसंत नाही म्हणून वळलो, असं सांगू नका कुणाला. मुलाबद्दल माझं काही नाही. मला नोकरी पायजे, एवढंच आहे.

वच्छलाबाई: ह्येच सुपारी फुटल्यावर सांगितलं असतंस तर?

शितल: तर तुम्ही म्हणाला असता, फसवलं.

वच्छलाबाई: व्हय. म्हनलो असतो. आन् तुलाच म्हनलो असतो, तुज्या आबास्नी न्हाई.

शितल: म्हणून आत्ता सांगितलं.

वच्छलाबाई: लय गरम हुतंय का गं आत?

शितल: होतंय.

वच्छलाबाई: तरी बोलतीयास. बरं. मी दुसऱ्या फोनवरनं तुज्या आईला लावते. ह्यो तसाच ऱ्हाऊ दे चालू. आमी काय करायचं ते अजून आमालाबी ठाव न्हाई, पर ह्यो ठिवू नगस.

राजनंदिनी: ताई, फटफटी. आबाच आहेत. पेढ्याचा पुडा घेऊन उतरले. इकडंच येतायत. काचेवर हात मारते मी... थांबले. बघितलं. डोळे बघ त्यांचे, ताई. खिसे चाचपतायत. सापडली किल्ली.

वच्छलाबाई: काय झालं, पोरींनो?

राजनंदिनी: उघडलं, मावशी, उघडलं. आबा, ओरडू नका, नंतर ओरडा. ताई, उतर लवकर. हवा लागू दे जरा. अगं, उतर ना.

वच्छलाबाई: भिमाजीराव आलं व्हय?

शितल: आले, मावशी. थांबा जरा. आबा, दौंडचे लाइनवर आहेत, सगळे ऐकतायत. आत येऊन बसा. आणि दार लावून घ्या.